सादळलेला ब्रेक

आमच्या घरात वस्तूंचे दोनच प्रकार आहेत, सादळणाऱ्या आणि गंजणाऱ्या. पापड, बिस्किटं, काडेपेटी, उशा आणि जुलैनंतर माणसंसुद्धा पहिल्या प्रकारात येतात. खिळे, कड्या, सायकल आणि गॅसची शेगडी दुसऱ्यात. समुद्र हाकेच्या अंतरावर असला की हे असंच चालायचं. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, ओटीवर उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "काय हवा आहे इथली!" हवा छानच आहे. फक्त पत्रा खाते.

अशा हवेत, रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत, मी ट्रॅकवर पळवायला म्हणून एक गाडी तयार करायला घेतली. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस कशाला ना कशाला लागतोच. कुणी योगाला लागतो, कुणी शेअर बाजाराला, कुणी शेजाऱ्याच्या बांधाला. मी सस्पेन्शनला लागलो.

गाडी म्हणजे 2008 सालची सेकंडहँड स्विफ्ट. 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन, 87 हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आसपास. पुढे 2010 मध्ये कंपनीनं तिला 1.2 लिटरचं इंजिन दिलं, तेव्हापासून आमच्यासारखे हौशी लोक या जुन्या इंजिनाबद्दल देवगडच्या हापूसबद्दल बोलावं तसं बोलतात. मी दहावीला विज्ञान शिकवतो. त्यामुळे गाडीबद्दल मला सगळं कळतं असा माझा समज होता. आमच्या मिस्त्रीला तो समज पहिल्याच दिवशी दिसला असावा, कारण त्यानं मला लगेच स्टूल दिलं आणि चहा मागवला.

आता ट्रॅक कुठे आहेत ते ऐका. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, 3.7 किलोमीटरचा. एक ग्रेटर नोएडाला, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, 5.125 किलोमीटरचा, जिथे 2011 मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली. आणि एक कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला, कारी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटरचा. आपल्या कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. तिथे स्विफ्ट घेऊन गेलो असतो तर पांढऱ्या रश्शाची वाटी हातात देऊन त्यांनी प्रेमानं परत पाठवलं असतं. म्हणून कोइमतूर ठरलं. दोन किलोमीटरची एक फेरी मारायला बाराशेच्या वर किलोमीटर जायचं, म्हणजे जत्रेतल्या पाळण्यात बसायला काशीला जाण्यातलाच प्रकार. पण हौसेला अंतर मोजायची सवय नसते.

पहिला बदल लोअरिंग स्प्रिंगांचा. गाडी जमिनीला जितकी जवळ तितकी वळणात कमी कलंडते, हे शास्त्र. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची 170 मिलिमीटर, ती मी चाळीसनं कमी करायचं ठरवलं. पिवळेधमक स्प्रिंग आले. मिस्त्रीनं ते हातात घेऊन उलटेसुलटे बघितले आणि म्हणाला, "मास्तर, गाडी खाली बसवायला पैसं कशाला देताय? मागं चार पोती भात टाका, आपोआप बसंल."

मी त्याला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. त्यानं तो ऐकून घेतला आणि मजुरी दीडपट लावली.

अलिबाग-रेवदंडा रस्ता चौल, नागाव अशा गावांतून जातो. प्रत्येक गावाला आपली शाळा, आपलं देऊळ, आपलं वळण आणि या प्रत्येकाचा आपापला गतिरोधक आहे. काही सरकारी आहेत, काही लोकांनी स्वकष्टानं उभारलेले वाटतात. स्प्रिंग बसवल्यानंतर आठवड्याभरात आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पहिल्याच गतिरोधकावर खालून असा आवाज आला की रस्त्याकडेच्या नारळाखालून एक म्हातारा दोन पावलं मागे सरकला. चेंबर घासला होता. आई म्हणाली, "मी उतरते, तू हळू काढ." ती उतरली. मी गाडी तिरकी केली, एकेक चाक वर चढवलं, एकेक खाली उतरवलं. ती पलीकडे येऊन बसली. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच. नागाव येईपर्यंत तिला या व्यवहाराची गोडी लागली. गाडी पलीकडे जायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात तिची कुणा ना कुणाशी गाठ पडे. अलिबागला पोचलो तेव्हा तिच्याकडे पांढऱ्या कांद्याची एक माळ, दोन लग्नांच्या तारखा आणि एका जमिनीच्या वादाची आतली बातमी होती. "चांगली आहे रे गाडी," ती म्हणाली, "बोलायला वेळ मिळतो."

त्याच स्प्रिंगांनी मला मांडव्याच्या धक्क्यावर आडवं केलं. तिथून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे, तासाभरात गाडीसकट मुंबई. बोटीत चढायच्या रॅम्पवर माझा पुढचा बंपर टेकला आणि मागची रांग थांबली. मागच्या उंच गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, स्पोर्टी आहे."

मग कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही ठरला: दर बदलामागे 5 हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमची गाडी एमएच-06, म्हणजे आरटीओ पेणचा. त्यामुळे पेणवरून जाताना मी काच वर करून समोर बघत जायचो, जणू गाडी दुसऱ्याची आहे आणि मी पत्ता विचारायला बसलोय. या धास्तीपायी हौसेनं बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दोन दिवसांतच काढून ठेवला. धास्ती हे वरवरचं कारण. खरं कारण म्हणजे शेजारच्या काकांनी ओटीवर येऊन शांतपणे सांगितलं होतं, "बैल दचकतात."

काकांचे बैल शर्यतीचे. त्यांच्याबद्दल घाईनं लिहून चालणार नाही.

आमच्या किनाऱ्यावर गाड्यांच्या शर्यती म्हटलं की माझ्या स्विफ्टचा विचार कुणाच्या मनात येत नाही. बैलगाड्या आणि घोडागाड्या, ओहोटीच्या वाळूवर. वेळ ठरवायला काकांना मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तास मोजले की ओहोटी. पाणी मागे सरकलं की खाली ओली, घट्ट, दाबून बसवल्यासारखी वाळू उरते. समुद्र दिवसातून दोनदा धुऊन, रोलर फिरवून हा ट्रॅक तयार करून देतो, फी न घेता. त्याच वाळूवर पाहुणे मंडळी मोटारी घालतात, त्या रुततात, भरती चाकांना लागते, आणि मग ट्रॅक्टरवाल्याचा दोर आणि पोलिसांचा गुन्हा दोन्ही एकदमच येतात. येऊ देत. त्या वाळूवर मोटारीचं काही काम नाही, हे मोटारवेडा असून मी म्हणतोय.

एक दिवस काका माझी गाडी बघायला आले. बैलबाजारात बघतात तशी बघितली. समोरून नाही, आधी मागून. मग टायरावर तळवा फिरवला, वाकून खाली पाहिलं.

"खाते किती?"

"लिटरला बारा."

"आणि रोज किती फिरवतोस?"

"रोज नाही काका. शर्यतीसाठी ठेवलीय."

"मग ती बसंल," काका म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

मला तेव्हा वाटलं, मोटार आणि बैल यांतला फरक त्यांना कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात कळलं की तो मलाच कळत नव्हता. किनाऱ्यावर गाडी चार दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर केशरी साय धरते. आठ दिवस राहिली की हँडब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि पहिला गिअर टाकल्यावर आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो. पंधरा दिवसांत बॅटरी उतरते. ट्रॅकसाठी जपून ठेवलेली माझी गाडी दाराशी उभ्या उभ्या म्हातारी होत होती, आणि काकांची जोडी रोज पहाटे वाळूवर चालून, खाडीत पोहून, खुराक खाऊन घरी परतत होती. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, त्या 16 डिसेंबर 2021 ला सशर्त सुरू झाल्या आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं शर्यत नव्हती, पण काकांच्या गोठ्यात उडीद आणि खोबरं चालूच होतं. मी एकदा विचारलं, शर्यतच नाही तर कशासाठी? काका म्हणाले, "बैलाला काय ठावं, बंदी हाय म्हणून?"

आता धावण्याआधी बैलाला पशुवैद्याचा दाखला लागतो आणि चाबूक चालत नाही. मोटारींच्या ट्रॅकवर गाडीची तपासणी होते आणि चालकाकडून मात्र कागदावर सही घेतात, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी त्याची. बैलाची परीक्षा डॉक्टर घेतो, माणसाची वकील घेतो.

वजन कमी करायचं म्हणून मी मागचं सीट काढून टाकलं. स्टेपनी काढली. आतले गालिचेही काढले. आणि भाद्रपद आला.

आमच्याकडे गणपती पेणहून आणतात, शाडूचा. मागच्या वर्षीपर्यंत तो मागच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून यायचा. आता मागे नुसता पत्रा. मग तिथे एक गादी पसरली, त्यावर मूर्ती ठेवली आणि तिला धरून बायको पत्र्याला पाठ टेकून बसली. पेण ते रेवदंडा पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. वडखळ नाक्याचे खड्डे, पोयनाडची गर्दी, कार्लेखिंडीची वळणं. खाली ते कडक पिवळे स्प्रिंग, ज्यांच्यावरून रस्त्यातला दोन रुपयांचं नाणंही ओळखता यावं. बायको काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मी जास्त सावध असतो.

त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी आयुष्यात कधी चालवली नव्हती. ब्रेक असा दाबायचा की सोंड पुढे जाता कामा नये. वळणात स्टिअरिंग एकदाच आणि एकाच गतीनं फिरवायचं. खड्डा दिसला की पन्नास पावलं आधीपासून रेस सोडायची. क्लच असा सोडायचा, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढतात. तीन तास लागले. घरी पोचल्यावर मूर्तीच्या मुकुटावरचा मणीही हलला नव्हता. बायको खाली उतरली आणि एवढंच म्हणाली, "सीट परत बसव."

जानेवारीत कोइमतूरला गेलो. खोपोली, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम, असे दोन दिवस. स्प्रिंगांनी पाठीचे मणके एकेक मोजून दिले. ट्रॅकवर नोंदणीच्या टेबलाशी मुंबईची चार पोरं उभी होती. त्यांनी विचारलं, "अंकल, कहां से आए?" मी उत्तर दिलं आणि माझ्या उत्तरातले शब्द माझ्याच लक्षात आले तोवर उशीर झाला होता. "अलिबाग से." 'अलिबाग से आया है क्या' म्हणजे 'बावळट आहेस का', या वाक्यावर आमच्याकडच्या एकानं उच्च न्यायालयात दाद मागितली होती. 2019 मध्ये न्यायालयानं सांगितलं की विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं नाही. हेल्मेट घातलं.

पहिल्या दोन फेऱ्या शिकवणारा शेजारी बसला. दुसरी फेरी संपताना म्हणाला, हात फार मऊ आहे, आधी कुठे शिकलात? मी 'पेणला' म्हटलं. त्यानं मान डोलावली. बहुधा पेण हे युरोपातलं गाव वाटलं असावं. तो उतरला. मी एकट्यानं निघालो आणि घड्याळात आकडा आला, एक मिनिट एकेचाळीस सेकंद. तिथल्या लोकांच्या हिशेबात हा आकडा सांगण्यासारखा नाही. पण मे महिन्यातल्या शनिवारी अलिबागच्या बाजारपेठेतून दोन किलोमीटर जायला जो वेळ लागतो, तो धरला तर मी त्या दिवशी विमान चालवत होतो.

पुढच्या फेरीत सरळ रस्त्याच्या टोकाशी ब्रेक दाबला आणि पॅडल आत गेलं. कापसाच्या गादीवर पाय ठेवावा तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा गादी. तिसऱ्यांदा पंप मारल्यावर कुठे थोडं लागलं, तोवर वळण डावीकडे गेलं होतं आणि मी सरळ. गाडी मातीत शिरून थांबली. धूळ बसल्यावर बघतो तो पिवळं निशाण हलवत एक माणूस माझ्याकडे येत होता, अगदी न रागावता.

"ब्रेक फ्लुइड कधी बदललं?" शिकवणाऱ्यानं विचारलं.

"परवाच. निघायच्या आधी."

"नवीन डबा?"

इथे मला आमच्या स्वयंपाकघराचा माळा दिसला. जूनमध्ये मी डॉट-4 चा एक डबा फोडला होता, अर्धा वापरला होता आणि उरलेला हळदीच्या बरणीशेजारी ठेवला होता. झाकण नुसतं वर टेकवलं होतं. तो डबा सबंध पावसाळा तिथे होता.

ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. ती त्याची जातच आहे. कोरडं डॉट-4 किमान 230 अंशांना उकळतं. त्यात जेमतेम 3.7 टक्के पाणी मुरलं की तेच 155 ला उकळलं तरी ते मानकाच्या मर्यादेत बसतं. रस्त्यावर फरक पडत नाही. ट्रॅकवर दर फेरीला तेच ब्रेक पुन्हा पुन्हा तापतात, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पॅडलचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. पास्कलचा नियम मी अठरा वर्षं शिकवतोय. फळ्यावर ब्रेकचीच आकृती काढतो. पण आमच्या फळ्यावर पावसाळा नसतो.

संध्याकाळी घरी फोन केला. आईनं घेतला.

"काही नाही, थोडा ब्रेकचा त्रास झाला. तेल सादळलं होतं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "झाकण लावलं नव्हतंस ना?"

जिच्या मिठाच्या बरणीत चार दाणे तांदूळ असतात आणि जिचा पापड गौरी-गणपतीतही कुरकुरीत निघतो, तिला ते बाराशे किलोमीटरांवरून कळलं. तिथल्या पोरांना सांगितलं असतं तर हसली असती, म्हणून नाही सांगितलं.

एप्रिलमध्ये गाडी जॅकवर चढवली. मिस्त्रीनं दारांखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो खरवसात सुरी जावी तसा आत गेला. गालिचे काढले होते ना, ओल थेट पत्र्यावर बसत होती. वजन कमी करायचं माझं काम खारा वारा माझ्यापेक्षा चोख करत होता. मिस्त्रीनं पत्र्याचे तुकडे जोडले, वर रंग मारला, आणि स्टुलावर बसलेल्या मला सांगितलं, "आता रोज चालवा. पावसात तर जास्त." मूळ स्प्रिंग परत बसले. मागचं सीट बसलं. स्टेपनी जागेवर गेली. ब्रेकचं तेल आता दर ऑक्टोबरला बदलतो, नवा डबा फोडून. उरलेलं ठेवत नाही.

रोज पहाटे काका बैल घेऊन किनाऱ्याकडे निघाले की मी गाडी घेऊन साळाव पुलापर्यंत जाऊन येतो. परतताना ते हात वर करतात. परवा पहिल्यांदाच थांबून म्हणाले, "आता जरा अंगात आली."

पिवळे लोअरिंग स्प्रिंग, चार नग, आठच महिने वापरलेले, आमच्याकडे विकायचे आहेत. आईनं ते पापडाच्या हवाबंद डब्यात ठेवलेत, त्यामुळे गंजाचा ठिपकाही नाही. ज्यांच्या गावात गतिरोधक नाहीत अशा कुणाला हवे असतील तर मे महिन्याच्या आत येऊन न्यावेत. त्यानंतर डबा पापडांना लागणार आहे.